गहू आला, पुस्तकं गेली: मराठी संशोधकाच्या डेटाबेसमागची गोष्ट

जुन्या मराठी शब्दाचा अर्थ अडला की आपण मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडतो. तो उघडतो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर. मुंबईत १८५७ साली सरकारसाठी छापलेली दुसरी आवृत्ती तिथं आहे, शेजारी दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे. नांदेडच्या किंवा कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला मराठीसाठी शिकागोचं दार का ठोठावावं लागतं, हे समजून घ्यायचं तर संगणकाच्या बरंच मागं, थेट रेशनच्या गव्हापर्यंत जावं लागतं.

पीएल-४८० हा अमेरिकेचा १९५४ चा कायदा. तिकडचं जादा धान्य भारतासारख्या देशांना विकायचं आणि किंमत डॉलरऐवजी तिथल्या चलनात घ्यायची, अशी सोय त्यात होती. हे रुपये बव्हंशी इथंच खर्च करावे लागत आणि ते साचत चालले. १९५८ मध्ये जॉन डिंगेल या मिशिगनच्या लोकप्रतिनिधीच्या पुढाकारानं कायद्यात दुरुस्ती झाली. या पैशातून लायब्ररी ऑफ काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, पुस्तकं विकत घेता येऊ लागली. १९६२ मध्ये दिल्लीत तिची कचेरी थाटली गेली. मग मराठीसह भारतीय भाषांतली पुस्तकं, मासिकं, सरकारी अहवाल यांच्या अनेक प्रती घेऊन त्या शिकागो, बर्कली, पेन्सिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन अशा विद्यापीठांकडे रवाना होऊ लागल्या. त्या गव्हाबरोबर गाजरगवत आलं असं आपल्याकडे अजून सांगतात. पुस्तकं गेली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. यात चोरी नव्हती, खरेदी रोखीची होती. आपल्याकडे एखादं पुस्तक वाळवीनं खाल्लं तरी त्याची एक प्रत मिशिगन सरोवराच्या काठी वातानुकूलित खोलीत सुखरूप असते, ती त्यामुळेच.

पुढचा टप्पा मायक्रोफिल्मचा, म्हणजे पानांची बारीक छायाचित्रं फिल्मवर साठवण्याचा. युजीन पॉवर यांनी १९३८ मध्ये अॅन आर्बरला युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स ही कंपनी काढली होती. आजची प्रोक्वेस्ट ही डेटाबेस विकणारी कंपनी तिचीच वारस. १८३८ मध्ये ‘बॉम्बे टाइम्स’ म्हणून निघालेल्या टाइम्स ऑफ इंडियाचे जुने अंक आज संशोधक प्रोक्वेस्टवरच चाळतात. दक्षिण आशियाच्या साहित्यासाठी अमेरिकी ग्रंथालयांनी १९६७ मध्ये शिकागोतल्या सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीजमध्ये एक सामाईक मायक्रोफिल्म प्रकल्प सुरू केला, सॅम्प. एकट्याला परवडत नाही ते वर्गणी काढून करायचं, अगदी सार्वजनिक गणपतीसारखं. याच परंपरेतून ‘साउथ एशिया ओपन आर्काइव्ह्ज’ उभं राहिलं. २०१९ पासून ते जेस्टोर या जुन्या नियतकालिकांच्या ऑनलाइन साठ्यावर आहे आणि कुणालाही फुकट वाचता येतं.

जेस्टोरचा जन्म तर चक्क जागेच्या टंचाईतून झाला. विल्यम बोवेन हे मेलन फाउंडेशनचे अध्यक्ष ओहायोतल्या डेनिसन विद्यापीठाचे विश्वस्तही होते. तिथं जुन्या नियतकालिकांच्या बांधीव खंडांना कपाटं पुरेनात. नवी इमारत बांधण्यापेक्षा खंड स्कॅन करून सगळ्यांनी मिळून वापरावेत, असं त्यांच्या डोक्यात आलं. अर्थशास्त्र आणि इतिहासाच्या दहा नियतकालिकांपासून सुरुवात झाली आणि १९९५ मध्ये ना-नफा संस्था नोंदली गेली. मुंबईत १९४९ ला निघालेल्या ‘इकॉनॉमिक वीकली’चा वारसा चालवणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे १९६६ पासूनचे अंक तिथं आहेत.

कुणाला जागा हवी होती, कुणाला रुपये संपवायचे होते. संशोधकाची सोय हा त्यातला जोडधंदा. म्हणून शोधखिडकीत काय सापडतं यापेक्षा ते तिथं कसं पोचलं हे आधी विचारावं, असं मला वाटतं. एक उदाहरण घ्या. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधू’ हे सत्यशोधक चळवळीचं वर्तमानपत्र काढलं. त्याचे सुरुवातीचे अंक दुर्मीळ आहेत. पण मुंबई सरकार देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा नेमानं तयार करून घेत असे आणि ते अहवाल आता डेटाबेसमध्ये आले आहेत. शोध घेतला की ‘दीनबंधू’ सापडतो खरा, पण सरकारी भाषांतरकारानं निवडलेला, त्याच्या इंग्रजीतला. साहेबाला ज्याची धास्ती किंवा उत्सुकता, तेवढंच त्यात उतरणार. हे विसरून त्यातली वाक्यं सत्यशोधकांच्या तोंडी घालणारे प्रबंध काही कमी नाहीत. शिवाय शोधताना पुण्याला ‘पूना’, ठाण्याला ‘टान्ना’ आणि मराठ्यांना ‘माहराटा’ म्हणावं लागतं, नाहीतर पाटी कोरी.

आपल्याकडची हालचाल उशिरा सुरू झाली. विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारा इन्फ्लिबनेट हा यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, कार्यक्रम १९९१ मध्ये आला, तोही आधी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या छत्राखाली. १९९६ मध्ये ते स्वतंत्र केंद्र झालं. ‘शोधगंगा’ हा प्रबंधांचा ऑनलाइन साठा त्याचाच. २००९ च्या यूजीसी नियमांनी पीएचडीचे प्रबंध इलेक्ट्रॉनिक रूपात देणं बंधनकारक केलं आणि मराठी विभागांतले प्रबंध पहिल्यांदाच कपाटाबाहेर आले. मात्र त्यातले कितीतरी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टंकलेले किंवा नुसते स्कॅन केलेले आहेत. डोळ्यांना मराठी दिसतं, यंत्राला अगम्य चिन्हं. अशा प्रबंधांत शीर्षकापलीकडे शोध जातच नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं, म्हणजे संशोधन-नियतकालिकांची वर्गणी सगळ्या सरकारी संस्थांसाठी एकत्र भरण्याची योजना. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. तालुक्याच्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलालाही केंब्रिजचा लेख उघडता यावा, हे मोठंच काम आहे. खासगी अनुदानित महाविद्यालयं मात्र या योजनेबाहेर आहेत, आणि महाराष्ट्रात तीच जास्त.

जुन्या मराठी मासिकांचा प्रश्न या योजनेत येत नाही. १८०० ते १९५० मधलं कुठलं मासिक कधी, कुठून निघालं हे बघायला दाते-काळे-बर्व्यांची छापील सूचीच काढावी लागते, आणि पुढं अंकासाठी ग्रंथसंग्रहालयात चिठ्ठी देऊन बसावं लागतं.