ओटीपी आला आणि चोराने वाट बदलली: ठाणे परिसरातील ऑनलाइन फसवणुकीची पार्श्वभूमी

बँक खाते, यूपीआय, डीमॅट, ई-मेल, डिजिलॉकरमधील कागदपत्रे आणि घरच्यांची छायाचित्रे ही सारी मालमत्ता आज एका फोनमध्ये असते. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला, तेव्हा यातले फारच थोडे अस्तित्वात होते. दुसऱ्याची ओळख चोरणे आणि तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणे हे स्वतंत्र गुन्हे (कलम ६६सी आणि ६६डी) २००८ च्या दुरुस्तीने आले व २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आले.

त्याच वर्षी ऑगस्टपासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहारांसाठी दुसरी पडताळणी सक्तीची केली. पुढे रूढ झालेला ओटीपी तिथूनच आला. केवळ कार्डाचा क्रमांक चोरून भागेनासे झाले आणि ओटीपी खातेदाराच्याच तोंडून काढून घेणे चोराला भाग पडले. माझ्या मते नंतरच्या बहुतेक फसवणुकीचे मूळ या बदलात आहे.

ती पद्धत किती पुढे गेली होती, हे ठाणे जिल्ह्याने ऑक्टोबर २०१६ मध्ये जवळून पाहिले. ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा तिथली तरुण मुले अमेरिकी नावे घेऊन, हातातल्या लेखी संवादाबरहुकूम, अमेरिकेतील नागरिकांना फोन करीत असल्याचे उघड झाले. ‘तुमचा कर थकला आहे, भरला नाही तर अटक होईल’ अशी धमकी द्यायची आणि गिफ्ट कार्डांचे क्रमांक वदवून घ्यायचे, असा तो धंदा होता. आज ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून आपल्याच ज्येष्ठ नागरिकांना लुबाडले जाते, त्यातही सरकारी यंत्रणेचे नाव, अटकेची भीती आणि फोन ठेवू न देण्याची सक्ती हेच सारे असते. भर पडली आहे ती व्हिडिओ कॉलवरील गणवेशाची. भारतीय कायद्यात अशी अटक नाहीच. मीरा रोडचे प्रकरण परक्यांचे दुखणे न मानता आपण तेव्हाच गांभीर्याने घ्यायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

थेट संगणकावरचे हल्ले मात्र थांबले नव्हते. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून जगभर पसरला आणि न्हावा-शेवा बंदरातील मेर्स्क या डॅनिश जहाजवाहतूक समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. तो खंडणी मागत असे, पण पैसे भरूनही फाइली परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. वीज गेल्यामुळे मेर्स्कच्या घानातील कार्यालयाचा एक सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता. त्यावरची संगणक जाळ्याच्या माहितीची प्रत शाबूत राहिली, म्हणून मेर्स्कला आपली यंत्रणा पुन्हा उभारता आली. घरची छायाचित्रे आणि कागदपत्रे इंटरनेटला न जोडलेल्या वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावीत, या सल्ल्यामागचे कारण हेच आहे.

त्यानंतर काही दिवसांतच, ६ जुलै २०१७ रोजी, रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या जबाबदारीविषयी परिपत्रक काढले. बँक आणि ग्राहक यांपैकी कोणाचाही दोष नसताना त्रयस्थाने पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भुर्दंड पडणार नाही, असे त्यात ठरले. मात्र ओटीपी किंवा पिन त्यानेच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच मानले गेले. धमकावून ओटीपी काढून घेतलेल्या माणसाला त्यामुळे या संरक्षणाचा फारसा आधार उरला नाही. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी २०२१ मध्ये १५५२६० ही राष्ट्रीय हेल्पलाइन आली. तिचाच क्रमांक पुढे १९३० झाला. तक्रार नोंदताच पैसे ज्या ज्या खात्यांत वळवले गेले, तिथे ते गोठवण्याचे संदेश बँकांना जातात. चोर मात्र काही मिनिटांत रक्कम अनेक खात्यांत फोडतो, म्हणून पोलीस ठाण्यात जाण्याआधी हा फोन करणे महत्त्वाचे ठरते.