ट्यूब प्रीअ‍ॅम्प म्हणजे ट्यूब अ‍ॅम्प नव्हे

वापरलेल्या बेस गिटारच्या अ‍ॅम्पच्या जाहिरातीत "ट्यूब हेड, ५०० वॅट, वजन फक्त ३ किलो" असं दिसलं की तिथेच थांबावं. (हेड म्हणजे स्पीकरविना येणारा अ‍ॅम्प.) तो ट्यूब अ‍ॅम्प नाही. त्याच्या प्रीअ‍ॅम्पमध्ये एक ट्यूब, म्हणजे काचेची निर्वात नळी, आहे, एवढंच. ही गल्लत मडगावपासून म्हापशापर्यंत इतकी रुळलीय की लोक अशा हेडवर वाजवतात आणि "ट्यूबमध्ये विशेष काही नसतं" असा निकाल देतात. ज्या ट्यूबबद्दल ते बोलत असतात, ती त्यांनी ऐकलेलीच नसते.

गिटारचा बारीक सिग्नल प्रीअ‍ॅम्प वाढवतो आणि त्याला वळण देतो, मग पॉवर अ‍ॅम्प त्याला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं. ट्यूब या दोहोंपैकी कुठे बसवलीय, हे मात्र कुणी विचारत नाही.

नावांमुळेही गोंधळ वाढतो. अ‍ॅम्पेग कंपनीचा एसव्हीटी हा बेस हेड १९६९ मध्ये आला: ३०० वॅट, पॉवर विभाग संपूर्ण ट्यूबचा. रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात तो मंचावर होता. त्याच घराण्यातल्या एसव्हीटी-सीएलमध्ये पॉवरसाठी ६५५० जातीच्या सहा ट्यूब असतात आणि हेडचं वजन ३६ किलोच्या आसपास भरतं. एसव्हीटी-३ प्रो या हेडवरही तीच अक्षरं आहेत, पण त्याच्या ट्यूब प्रीअ‍ॅम्पच्या बाजूला आहेत आणि स्पीकर चालवतात ते मॉसफेट, म्हणजे ट्रान्झिस्टरच. दोन्ही उत्तम अ‍ॅम्प आहेत. फक्त एक ऐकून दुसरा विकत घेऊ नये.

प्रीअ‍ॅम्पमधली ट्यूब बहुधा १२एएक्स७ असते, अंगठ्याएवढी. गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, चढवला की ती लाटेची एक बाजू दुसरीपेक्षा आधी गोल करते, त्यातून वरच्या सप्तकातला स्वर मिसळतो आणि आवाज भरल्यासारखा वाटतो. हा रंग खरा आहे आणि पुढे कोणताही पॉवर अ‍ॅम्प असला तरी टिकतो. पण गेन खाली ठेवून वाजवलं तर ही ट्यूब जवळपास काहीच करत नाही. तेव्हा ज्याला लोक "ट्यूबची ऊब" म्हणतात ती बहुतेकदा टोन सर्किटची, म्हणजे बास, मिड, ट्रेबल या नॉबमागच्या सर्किटची, करामत असते. फेंडर कंपनीच्या धाटणीच्या टोन सर्किटमध्ये तिन्ही नॉब मधोमध ठेवले तरी मधले स्वर दबलेलेच असतात. सपाट आवाज हवा असेल तर बास आणि ट्रेबल २ वर, मिड १० वर ठेवून ऐका. मधोमध म्हणजे सपाट, हा समज सोडायलाच हवा.

पॉवर विभागातल्या ट्यूबचं काम वेगळं असतं. मोठ्या अ‍ॅम्पमध्ये त्या काही शे व्होल्टवर चालतात. ४ ओहमचा स्पीकर त्यांना थेट जोडता येत नाही, म्हणून मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो. वजन मुख्यतः त्याचं आणि वीजपुरवठ्याच्या ट्रान्सफॉर्मरचं. या रचनेतून दोन गोष्टी घडतात, आणि ट्यूबच्या बेसचं खरं मर्म त्यांत आहे.

पहिली, स्पीकरवरची पकड ढिली असते. ट्रान्झिस्टर किंवा क्लास डी (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून चालणाऱ्या, हलक्या) अ‍ॅम्पचा आउटपुट रोध स्पीकरच्या मानाने नगण्य असतो, त्यामुळे स्वर थांबला की स्पीकरचा पडदा जागच्या जागी धरला जातो. ट्यूब अ‍ॅम्पचा हा रोध बराच जास्त असतो. तबलजीने डग्ग्यावर मनगट टेकवून थाप दिली तर गुंज तिथेच दबते आणि मनगट उचललं तर ती पसरत जाते. फरक त्याच जातीचा आहे. शिवाय स्पीकरचा रोध सगळीकडे सारखा नसतो. कॅबिनेटच्या स्वतःच्या अनुनादापाशी तो कित्येक पटींनी चढतो, अगदी वरच्या स्वरांतही वाढतो. ट्यूब अ‍ॅम्पचा व्होल्टेज तिथे त्याच्यासोबत चढतो, म्हणून खालचा भाग फुगतो आणि वरची कड किंचित उजळते. क्लास डीचा व्होल्टेज जागचा हलत नाही. प्रीअ‍ॅम्पमध्ये दहा ट्यूब घातल्या तरी ही ढिली पकड येत नाही, कारण प्रीअ‍ॅम्पला स्पीकर दिसतच नाही.

दुसरी गोष्ट मर्यादेपाशी घडते. जोरात वाजवलं की ट्यूब अ‍ॅम्पचा वीजपुरवठा क्षणभर खचतो आणि सावरतो. पहिला ठोका दबतो, मागची शेपटी वर येते, लाटेचं टोक हळूहळू गोल होतं. वाजवणाऱ्याला हे बोटांत जाणवतं: तार जितकी ओढावी तितका आवाज जाड होतो, पण फाटत नाही. क्लास डी आपल्या मर्यादेपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग आवाजाला आळा घालणारा लिमिटर झडप घालतो, किंवा टोक सपाट कापलं जातं. म्हणून ३०० वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प ५०० वॅटच्या क्लास डीपेक्षा मोठा वाटतो. ट्यूबचा वॅट वेगळा नसतो. ३०० आणि ५०० मधला फरक जेमतेम २ डेसिबलचा असतो, आणि ट्यूब अ‍ॅम्प मर्यादेपलीकडे ढकलला तरी कानाला सुसह्य राहतो.

कॅबिनेटचं श्रेयही ट्यूबच्या खात्यात जमा होतं. दहा इंची आठ स्पीकरचं अ‍ॅम्पेगचं ते प्रसिद्ध बंद कॅबिनेट ५८ हर्ट्झच्या खाली उतरू लागतं. बेसच्या खालच्या मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर आहे ४१ हर्ट्झ. म्हणजे त्या "खोल" आवाजात आपण मुख्यतः ८२ हर्ट्झचा वरचा स्वर ऐकतो, आणि म्हणूनच तो बँडमध्ये उठून दिसतो. तोच हेड दुसऱ्या कॅबिनेटवर वेगळा वाजेल.

आता गोव्यापुरतं. वीजपुरवठा खचण्याचा गुण आवाज मोठा असेल तेव्हाच मिळतो. लग्नाच्या हॉलमध्ये किंवा शॅकवर ३०० वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प त्या टप्प्यापर्यंत कधी पोचतच नाही, आणि उघड्यावर रात्री १० नंतर आवाज बंदच. तियात्राच्या, म्हणजे कोकणी संगीतनाटकाच्या, बँडमध्ये ट्रम्पेट-सॅक्सोफोनखाली बेसची ओळ नेमकी आणि आखूड लागते. तिथे घट्ट पकडीचा क्लास डी हेड केव्हाही सरस, आणि प्रीअ‍ॅम्पला ट्यूब असेल तर छानच. पाच तारांचा बेस, स्लॅप (अंगठ्याने तार आपटून वाजवणं), जलद ओळी यांनाही तोच. संपूर्ण ट्यूबचा आवाज मनापासून हवा असेल तर ३० वॅटच्या आसपासचा लहान अ‍ॅम्प रेकॉर्डिंगसाठी घ्यावा. तो कमी आवाजातच मर्यादेला पोचतो आणि एकट्याने उचलता येतो.

ओळखायचं कसं? वजन पाहा. मागे २ आणि ४ ओहमचा निवड स्विच आहे का, पुढे स्टँडबाय आहे का, जाळीतून मोठ्या ट्यूब दिसतात का, हे पाहा. नुसत्या नारिंगी उजेडावर जाऊ नका; काही स्वस्त उपकरणांत ट्यूबच्या मागे एलईडी बसवलेला असतो.

ही पारख आवाजापुरती नाही, कारण दोघांचे नियम उलटे आहेत. ट्यूब पॉवरचा अ‍ॅम्प स्पीकर जोडल्याशिवाय कधीही वाजवू नये; आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतो आणि तो जळतो. क्लास डी स्पीकरविना सहसा बिघडत नाही, पण किमान ओहमच्या खाली गेला की बंद पडतो. ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ४ ओहम, तिसरं जोडलं की २.६७. हेडवर किमान ४ लिहिलं असेल तर तिसरं जोडायचं नाही. स्पीकरला गिटारची केबल लावणं दोन्हीकडे चूक: तिची बारीक तार तापते.

आपल्या खाऱ्या, दमट हवेत ट्यूबच्या सॉकेटवर गंज धरतो आणि चवथीच्या सुमारास करकर सुरू होते. वातानुकूलित हॉलमधून बाहेर आणलेला अ‍ॅम्प अर्धा तास तसाच ठेवून मग चालू करावा. आत दव धरलेलं असतं. प्रीअ‍ॅम्पची ट्यूब पेन्सिलीने हलकेच टिचकावून तपासावी. स्पीकरमधून घंटेसारखी वाजली तर अ‍ॅम्प बंद करून ट्यूब थंड झाल्यावर घरीच बदलावी, बायस (ट्यूबमधल्या स्थिर प्रवाहाची जुळणी) लावायला नको. पॉवरच्या सहा ट्यूब मात्र जुळवलेल्या संचानेच बदलायच्या आणि बायस जाणकाराकडूनच लावून घ्यायचा, कारण प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज शिल्लक असतो. चालू अ‍ॅम्पमध्ये एखाद्या ट्यूबची आतली पत्र्याची प्लेट लाल दिसू लागली, तर गाणं अर्ध्यावर असलं तरी तत्क्षणी अ‍ॅम्प बंद करायचा.