पिसवा पिल्लावर थोड्या, घरात फार

मांजराचं पिल्लू घरी आणलं, अंगात पिसवा दिसल्या, मानेवर औषधाचे थेंब टाकले. दोन दिवसांत अंग स्वच्छ. आणि पंधराव्या दिवशी फणी फिरवली तर पुन्हा चार पिसवा! इथे बहुतेक लोक एकच निष्कर्ष काढतात: औषध बोगस निघालं. मग दुसरं औषध, त्यावर तिसरं, त्यावर कुणीतरी सुचवलेलं तेल. पिल्लाचे हाल होतात आणि पिसवा तिथल्या तिथेच. खरं तर त्या चार पिसवा औषधाला पुरून उरलेल्या नसतातच. औषध लावलं त्या दिवशी त्या पिल्लाच्या अंगावर नव्हत्या. त्या गालिच्यात, सोफ्याच्या फटीत, कोषाच्या आत तयार होऊन बसल्या होत्या.

हा कोष नीट समजला की घरात काय करायचं आणि ते किती दिवस करायचं, याचा उलगडा होतो. पण घर थोडं थांबू शकतं, पिल्लू थांबू शकत नाही, म्हणून आधी पिल्लाकडे वळू.

मांजराच्या अंगावर सापडणारी पिसू बहुतेक वेळा टेनोसेफॅलिडिस फेलिस या जातीची असते. तिला मांजरपिसू म्हणतात, पण कुत्र्यांवरही सहसा हीच सापडते. लांबी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, रंग तांबूस तपकिरी, अंग दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखं चपटं. त्यामुळे ती केसांतून सरसर निसटते आणि चिमटीत येत नाही. म्हणून पिसू शोधण्यापेक्षा तिची विष्ठा शोधावी. शेपटीच्या मुळाशी आणि मानेभोवती केस विस्कटून पाहिलं की मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे कण दिसतात. ते पांढऱ्या ओल्या कापसावर टाकले आणि भोवती तांबूस वर्तुळ पसरलं, तर ते वाळलेलं रक्त, म्हणजे पिसवांची विष्ठा. साधी धूळ असेल तर डाग काळपटच राहतो. केसांना घट्ट चिकटलेले पांढरे दाणे दिसले तर मात्र ती पिसवांची अंडी नव्हेत, त्या उवांच्या लिखा. पिसवेचं अंडं गुळगुळीत असतं आणि केसाला चिकटत नाही. या एका गोष्टीवरच पुढचं सगळं रामायण उभं आहे.

मोठ्या मांजराला पिसवा म्हणजे मुख्यतः खाज. लहान पिल्लाला मात्र त्या जिवावर बेतू शकतात. एक मादी दिवसाला साधारण १३.६ मायक्रोलिटरपर्यंत रक्त पिते. आकडा क्षुल्लक वाटेल, पण ७२ माद्यांचा हिशेब केला तर दिवसाला जवळजवळ १ मिलिलिटर होतं. अर्धा किलो वजनाच्या पिल्लाच्या अंगात एकूण रक्तच ३० मिलिलिटरच्या आसपास असतं. म्हणजे तीन दिवसांत दहा टक्के रक्त गेलं! वरचा ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात. गुलाबी असतील तर ठीक. फिकट, पांढुरक्या असतील, पिल्लू मलूल असेल, अंग गार लागत असेल, तर आंघोळ, फणी वगैरे काहीही न करता त्याला गरम कपड्यात गुंडाळून थेट पशुवैद्याकडे न्यावं. अशा पिल्लाला भिजवलं तर ते गारठूनच दगावू शकतं.

पिल्लू तरतरीत असेल तर पहिल्या दिवशी फणी. बारीक दातांची, पिसवांसाठी मिळते तीच घ्यावी, कारण साध्या कंगव्याच्या दातांमधून पिसू आरामात निसटते. शेजारी वाडग्यात गरम पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. साध्या पाण्यात पिसू पृष्ठताणामुळे तरंगते आणि काठ गाठून उडी मारते. साबणाने पृष्ठताण कमी होतो आणि ती बुडते. केसांच्या दिशेने, डोक्याकडून शेपटीकडे, प्रत्येक ओढीनंतर फणी वाडग्यात बुडवायची. हनुवटीखाली, काखेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला विसरू नये.

चार आठवड्यांहून लहान पिल्लांसाठी फणी आणि गरज पडल्यास आंघोळ, एवढंच हातात असतं. आंघोळीचं पाणी अंगाच्या तापमानाइतकं, ३८ अंशांच्या जवळपास. सगळ्यात आधी मानेभोवती फेसाचं जाड कडं करावं. पाणी लागताच पिसवा वर, डोक्याकडे पळतात आणि कान-डोळ्यांभोवती जमतात. हे कडं त्यांची वाट अडवतं. चेहऱ्याला साबण लावू नये, तिथे ओला कापूस आणि फणी पुरे. पाच मिनिटांत आटपून टॉवेलने कोरडं करावं आणि पूर्ण वाळेपर्यंत उबेत ठेवावं. आंघोळीने अंगावरच्या पिसवा जातात, पण केसांत औषध असं काहीच उरत नाही. त्यामुळे तासाभरात नव्या चढू शकतात.

औषधात वय आणि वजन दोन्ही पाहावं लागतं. नायटेनपायरामची गोळी अर्ध्या तासात पिसवा पाडायला लागते, पण ती चार आठवड्यांपुढच्या आणि साधारण ९०० ग्रॅमपुढच्या पिल्लालाच देतात. अनेक पिल्लं वयात बसतात आणि वजनात अडकतात, म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर आधी वजन करावं. तिचा अंमल एक-दोन दिवसांचाच. महिनाभर टिकणारे थेंब, म्हणजे सेलामेक्टिन, इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल वगैरे, बहुतेक ६ ते ८ आठवड्यांपुढे चालतात. नेमकं वय उत्पादनागणिक बदलतं, ते वेष्टनावर वाचावं आणि पशुवैद्याला विचारावं. थेंब केसांवर नव्हे, कातडीवर पडायला हवेत. कवटीच्या खाली, मानेच्या मागे केस दुभंगून कातडी दिसली की नळी तिथे टेकवायची. ही जागा निवडण्याचं कारण साधं आहे: तिथे मांजराची जीभ पोचत नाही.

आणि कुत्र्याचं औषध अर्धं करून मांजराला लावू नये. कधीच नाही. कुत्र्यांच्या कित्येक थेंबांमध्ये परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. आपलं किंवा कुत्र्याचं यकृत अशा द्रव्यांना ग्लुकुरोनिक आम्ल जोडून ती अंगाबाहेर काढायला मदत करतं. मांजरात ही जोडणी करणारी यंत्रणा अगदी अपुरी आहे, कारण त्यातल्या एका महत्त्वाच्या विकराचा (एन्झाइमचा) जनुक मांजराच्या कुळात निकामी झाला आहे. विष चेतातंतूंवर काम करत राहतं: थरथर, कान आणि चेहरा फडफडणं, मग झटके. असं चुकून झालंच तर कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने ते धुऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारी तेलंही याच कारणाने मांजराला बाधतात, टी ट्री तेल तर फारच. लसूण खाऊ घातला की रक्त पिसवांना नकोसं होतं, हा समज चुकीचा आहे. लसणाने मांजराच्या लाल पेशी फुटतात. आधीच रक्त कमी झालेल्या पिल्लाला लसूण म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. गळ्यात बांधायच्या ‘अल्ट्रासोनिक’ यंत्रांचा पिसवांवर काहीही परिणाम होत नाही.

आता कोषाकडे.

पिल्लाच्या अंगावर आलेली मादी काही मिनिटांत रक्त प्यायला लागते आणि एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते, भर असताना दिवसाला ४० ते ५०. अशा दहाच माद्या धरल्या आणि प्रत्येकीची ४० अंडी, तर आठवड्याला २,८०० अंडी. अर्ध्या मिलिमीटरचं, मोत्यासारखं पांढरं अंडं केसांतून घरंगळतं आणि पिल्लू जिथे झोपतं, खेळतं, उडी मारून उतरतं तिथे पडतं. त्यासोबत आणखी एक गोष्ट पडते: विष्ठा. मादी पचवू शकेल त्याहून कितीतरी जास्त रक्त पिते आणि त्यातलं बरंचसं अर्धवट पचलेलंच बाहेर टाकते. वरवर ही उधळपट्टी दिसते, पण तो अळ्यांचा डबा आहे. अळीला ना पाय, ना डोळे, ना रक्त शोषायची सोंड. आईने वरून टाकलेले वाळल्या रक्ताचे कण खाऊन ती वाढते. म्हणजे ही आई पिल्लाच्या पाठीवर बसून खाली गालिच्यात आपली मुलं पोसत असते!

अळी उजेडापासून पळते आणि खाली खाली जाते. गालिच्याच्या मुळाशी, फरशीच्या फटीत, गादीच्या शिवणीत. तिचा कच्चा दुवा कोरडेपणा: हवेतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांखाली टिकून राहिली तर ती सुकून मरते. उबदार, दमट जागी मात्र एक-दोन आठवड्यांत ती पूर्ण वाढते आणि स्वतःभोवती रेशमी कोष विणते. धागा ताजा असताना चिकट असतो, त्याला धूळ, वाळूचे कण, गालिच्याचे तंतू असं जवळ असेल ते चिकटतं. बाहेरून पाहिलं तर कचऱ्याचा पाच मिलिमीटरचा गोळा. हेच त्याचं चिलखत आणि हाच त्याचा वेश. फवारलेलं औषध आतपर्यंत पोचत नाही.

आत अळीची पिसू व्हायला उबेत आठवडा-दीड आठवडा पुरतो. पण पूर्ण तयार झालेली पिसू लगेच बाहेर पडेलच असं नाही. बाहेर पडलेल्या उपाशी पिसवेकडे फार वेळ नसतो, रक्त मिळालं नाही तर ती साधारणपणे काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत मरते. कोषात मात्र तिचा श्वसनाचा वेग मंदावतो, ऊर्जेचा खर्च जेमतेम, आणि गारव्यात ती २० आठवड्यांपर्यंत तग धरू शकते. मग बाहेर कधी पडायचं? दोन खुणा मिळाल्या की: दाब आणि ऊब. कोषावर हलकं वजन पडलं, तापमान प्राण्याच्या अंगाच्या आसपास गेलं, की तिच्या लेखी वर कुणीतरी येऊन झोपलं आहे. मग तिला वेळ लागत नाही. बाहेर आल्यावर हलती सावली आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिला उडी कुठे मारायची ते सांगतात.

महिनाभर बंद असलेलं घर उघडून आत पाऊल टाकताच पायांवर पिसवा तुटून पडतात, त्याचं कारण हेच. पिसवा उपासमारीने मरून गेल्या असतील असं वाटतं. प्रत्यक्षात आपल्या पावलांनी त्यांना उठवलेलं असतं.

यातून घरातल्या उपायांची दिशा ठरते. सर्वांत उपयोगी यंत्र व्हॅक्यूम क्लीनर. अंडी आणि विष्ठा तो ओढून घेतो, म्हणजे अळीचा डबाच पळवतो. अळ्या तंतूंना विळखा घालून बसतात, त्या कमी येतात. कोषांवर मात्र त्याच्या ब्रशचा दाब पडतो आणि आतल्या पिसवा बाहेर येतात, हा फायदाच. पिशवीतून त्या पुन्हा बाहेर येतील अशी भीती असते, पण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हॅक्यूममध्ये ओढलेल्या प्रौढ पिसवांपैकी ९६ टक्के मेल्या आणि अळ्या-कोष सगळेच मेले. घुसळण आणि ओरखडे त्यांना सोसत नाहीत. पहिले दोन आठवडे रोज, सोफ्याच्या उशा काढून, पलंगाखाली, भिंतीच्या कडेने. पिल्लाचं अंथरूण आठवड्यातून दोनदा ६० अंशांच्या पाण्यात. ते उचलताना झटकू नये, चारही कोपरे आत दुमडून गाठोडं करून न्यावं, नाहीतर अंडी वाटेत सांडत जातात.

जास्त प्रादुर्भाव असेल तर मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेन असलेला फवारा. ही द्रव्यं कीटकाच्या बाल-संप्रेरकाची नक्कल करतात. हे संप्रेरक ओसरल्याशिवाय अळी कोषावस्थेत जाऊ शकत नाही. नक्कल चालू राहिली की ती बालपणातच अडकते आणि मरते. मेथोप्रीन उन्हात लवकर विघटित होतं, पायरिप्रॉक्सिफेन जास्त टिकतं. कित्येक फवाऱ्यांत जोडीला परमेथ्रिन असतं, म्हणून घटकांची यादी वाचावी, आणि कोणताही फवारा पूर्ण वाळेपर्यंत पिल्लाला त्या खोलीत सोडू नये. खोलीच्या मधोमध ठेवून उडवायचे धुराचे डबे मात्र नकोतच: धूर वरून खाली बसतो, आणि अळ्या असतात पलंगाखाली.

मग एक उलटी वाटणारी गोष्ट. औषध लावलेल्या पिल्लाला घरभर फिरू द्यावं. त्याच्या पावलांनी कोष जागे होतात, नवी पिसू अंगावर चढते आणि अंडी घालायच्या आत औषधाने मरते. फिरतं पिल्लू म्हणजे फिरता सापळा. त्याला एका खोलीत कोंडलं तर बाकीच्या घरातले कोष तसेच वाट पाहत राहतात. औषधाच्या वयात न बसणाऱ्या पिल्लाला मात्र गालिचा नसलेल्या, रोज पुसता येईल अशा खोलीतच ठेवावं. घरातल्या इतर मांजरांना आणि कुत्र्यांना त्याच दिवशी, ज्याचं त्याला योग्य ते औषध द्यायचं, कारण एक जरी सुटलं तरी अंड्यांचा पाऊस चालूच राहतो. महिन्याचा डोस किमान तीन महिने चुकवू नये. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिसवा अचानक वाढल्यासारख्या दिसतील, त्या जुन्या अंड्यांतून आलेल्या असतात. तिथे औषध बदलायचं नाही.

शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे, कधी वळवळणारे तुकडे दिसले तर ते डिपिलिडियम या पट्टकृमीचे, म्हणजे आतड्यातल्या चपट्या जंताचे. त्याची अंडी पिसवेची अळी खाते, ती मोठी होऊन पिल्लावर चढते, आणि अंग चाटताना पिल्लू ती पिसूच गिळतं. नेहमीच्या जंतांच्या औषधांपैकी अनेकांनी हा कृमी जात नाही, त्याला प्राझिक्वान्टेल लागतं, वजनाच्या हिशेबाने. पिसवा संपायच्या आत ते दिलं असेल तर संपल्यावर पुन्हा एकदा द्यावं लागतं.