हिमोग्लोबिन वाढलं की भलंच होतं असं नाही

उन्हाळा लागला की लातूर, नांदेड, परभणीहून चारधामच्या गाड्या निघतात. जाण्याआधी घरातल्या मोठ्यांचं रक्त तपासलं जातं आणि हिमोग्लोबिन १५ च्या घरात आलं की सगळे निर्धास्त होतात. ‘अंगात रक्त भरपूर आहे, काही होत नाही.’ या समजाची दुसरी बाजू सांगायलाच हवी. उंचीवर लाल पेशी वाढवणं हा शरीराचा उपाय आहे, आणि क्वचित तोच मेंदूतल्या शिरांवर उलटतो.

मराठवाड्यातली बहुतेक शहरं साडेतीनशे ते साडेसहाशे मीटर उंचीवर आहेत, तर केदारनाथ साडेतीन हजारांच्या वर. तिथल्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास येतो, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजनचे रेणू कमी. कापराची पुडी हुंगल्याने त्यात एकाचीही भर पडत नाही.

ही कमतरता पेशीला कळते कशी, हे मला जीवशास्त्रातलं सर्वांत देखणं प्रकरण वाटतं. आपल्या पेशी एचआयएफ नावाचं प्रथिन सतत बनवतात आणि काही मिनिटांत मोडूनही टाकतात. मोडण्याआधी त्यातल्या प्रोलिन या अमिनो आम्लावर एक खूण व्हावी लागते आणि ती करणारं विकर (एन्झाइम) दर वेळी ऑक्सिजनचा रेणू वापरतं. खूण दिसली की व्हीएचएल हे दुसरं प्रथिन तिथे चिकटतं आणि एचआयएफची विल्हेवाट लागते. ऑक्सिजन घटला की खूण होत नाही; एचआयएफ साचतं, केंद्रकात शिरतं आणि जनुकं चालू करतं. मग मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त सुटतं आणि अस्थिमज्जा लाल पेशी वाढवू लागते. बनवून मोडणं ही उधळपट्टी वाटते खरी, पण त्यामुळेच गरज पडताच क्षणाचाही उशीर होत नाही. पेशींची ही ऑक्सिजनची जाण उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

नव्या पेशींनी रक्तात ठळक फरक पडायला आठवडे लागतात. पहिल्या काही दिवसांत रक्त दाट होतं ते पाणी घटल्यामुळे: धाप, कोरडी हवा, वाढलेली लघवी, आणि वाटेत सोय नाही म्हणून बायकांनी पाणीच न पिणं. शिवाय दाटपणा सरळ हिशेबाने वाढत नाही. गुऱ्हाळात रस बराच वेळ पातळ दिसतो आणि शेवटी बघता बघता काकवी होते, तसंच रक्ताचं आहे. मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरांना झडपा नसतात, प्रवाह संथ असतो. तिथे गुठळी धरली की रक्त मागे तुंबतं आणि कवटीतला दाब वाढतो.

यात्रेकरूंनी घाबरून जाऊ नये. हा धोका मुख्यतः दीर्घकाळ उंचीवर राहणाऱ्यांचा. सियाचिनसारख्या ठिकाणच्या जवानांमध्ये तो आढळला आहे. चार दिवसांच्या यात्रेत बहुधा दुसरं कारण जोडीला असतं: नुकतंच झालेलं बाळंतपण, गुठळ्यांचा आनुवंशिक कल, किंवा पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या. या गोळ्यांतल्या नॉरएथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यात बदलतो आणि गुठळीची शक्यता वाढते. विटाळाच्या कल्पनेपायी, डॉक्टरांना न विचारता त्या मेडिकलमधून आणून घेतल्या जातात, याची मला खरोखर चीड येते.

उंचीची नेहमीची डोकेदुखी खाली उतरल्यावर एक-दोन दिवसांत थांबते. घरी परतल्यावरही ती वाढत असेल, आडवं झाल्यावर जास्त होत असेल, धूसर दिसत असेल, झटके आले किंवा हातपाय लुळे पडले, तर लगेच मोठं रुग्णालय गाठा. तिथे प्रवास आणि गोळ्या दोन्ही सांगा, कारण साध्या सीटी स्कॅनमध्ये ही गुठळी निसटू शकते. मेंदूतल्या शिरा दाखवणारी एमआर किंवा सीटी व्हेनोग्राफी ही तपासणी लागते. उपचार हेपॅरिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा. मेंदूत थोडा रक्तस्राव दिसत असला तरी डॉक्टर बहुतेकदा ते देतात, कारण तो रक्तस्राव मुळात तुंबलेल्या शिरेमुळेच झालेला असतो.