पिकअपमागे ट्रेलर जोडायचाय? आरटीओत काय चालते, काय नाही आणि कागदपत्रे कोणती लागतात

पिकअपची ओढण्याची ताकद वाढवायची म्हटली की गाडी आधी गॅरेजला जाते. मागच्या पाट्यांत (लीफ स्प्रिंगमध्ये) एक जादा पान, मोठे टायर, इंजिनाचे रिमॅपिंग (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणे), पुढे जाडजूड लोखंडी गार्ड. खर्च होऊन गेल्यावर मग कोणीतरी विचारतो, 'हे आरसीवर चढवून घेतलंय का?' माझा सल्ला उलटा आहे. आधी आरसी काढा, मग गाडीची माहितीपुस्तिका, आणि गॅरेज सगळ्यात शेवटी.

आरसीवर दोन आकडे बघायचे: रिकाम्या गाडीचे वजन आणि मालासह एकूण वजन. ट्रेलर किती वजनाचा चालेल, हे कंपनीच्या माहितीपुस्तिकेत बघायचे. तिथे 'ट्रेलर जोडू नये' असे लिहिले असेल तर विषय तिथेच संपला. परवानगी असेल तरी एक हिशेब राहतो. ट्रेलर नुसता मागे लोंबकळत नाही, त्याचा थोडा भार तो जोडायच्या हुकावर खाली दाबतो, आणि तो भार पिकअपच्या एकूण वजनात धरायचा असतो. समजा गाडीची मालवाहू क्षमता ११०० किलो आहे आणि ९०० किलोच्या ट्रेलरचा दहावा हिस्सा हुकावर येतोय. मग हौद्यात १०१० किलोच माल भरता येईल, आणि त्यातच ड्रायव्हर सोडून बाकीची माणसे आली. हा भार जास्त झाला की मागची बाजू बसते, पुढची चाके हलकी पडतात आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर मारायला लागतो. खंबाटकी घाटाच्या उतारावर याचा अर्थ काय होतो ते वेगळे सांगायला नको.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की, कंपनीने मुळात दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे आणखी पक्के केले. ते प्रकरण केरळमधले होते, निकाल मात्र सगळ्यांना लागू. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा.

म्हणजे चॅसिस लांब करणे, एकूण वजनाचा आकडा वाढवून मागणे, एक्झॉस्टमधला फिल्टर काढून टाकणे, यांसाठी अर्ज घेऊन जाण्यात अर्थ नाही. पाट्यात जादा पान टाकले तर गाडी सरळ उभी दिसेल, पण आरसीवरचा आकडा तसूभरही हलत नाही. जादा भरलात तर कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २००० रुपये. पुढच्या लोखंडी गार्डबद्दल केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितले आहे. त्यावर विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचे यंत्र) बसवण्याची स्वप्ने बघणाऱ्यांनी हे आधी वाचावे. त्यातल्या त्यात सुरक्षित वाट म्हणजे कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेला हुक, त्याच मॉडेलला दिलेल्या मापांतले टायर, चांगले ब्रेक लायनर आणि वेळेवर बदललेले क्लच. ऐकायला फिके वाटते, पण घाटात हेच कामाला येते.

परवानगी लागणारे बदलही आहेत. इंजिन बदलणे, मान्यताप्राप्त किट लावून सीएनजीवर जाणे, उघड्या हौद्याऐवजी बंद बॉडी बसवणे. यांसाठी आरटीओची मंजुरी आधी घ्यायची, काम नंतर करायचे. काम झाल्यावर १४ दिवसांच्या आत ज्या आरटीओच्या हद्दीत राहता तिथे कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची. गाडी कर्जावर असेल तर फायनान्सवाल्यांची लेखी संमती आधी हवी.

अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवर होतो. राज्य आणि आरटीओ निवडा, गाडीचा नंबर आणि चॅसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाका, नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी येईल. इथेच निम्मे लोक अडकतात, कारण गाडी घेताना मोबाइल नंबर डीलरकडच्या पोराने स्वतःचा टाकलेला असतो. आधी तो बदलून घ्या. थकीत चलन, कर किंवा संपलेला विमा असला तरी गाडे पुढे सरकत नाही. पुढे सेवांच्या यादीतून वाहनातील बदलाची सेवा निवडून शुल्क भरायचे आणि गाडी तपासणीला न्यायची.

सोबत ठेवायचे कागद: मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पिवळ्या पाटीची गाडी असेल तर फिटनेस आणि कराची पावती, मालकाचा ओळख व पत्त्याचा पुरावा, फायनान्स कंपनीचे ना-हरकत पत्र, वर्कशॉपचे पक्के बिल आणि किट बसवला असेल तर त्याच्या मान्यतेचे प्रमाणपत्र. शिवाय चॅसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट. तो घरीच काढून न्या. नंबरावरची धूळ ओल्या फडक्याने पुसायची, कोरडे होऊ द्यायचे, पातळ कागद दाबून धरून पेन्सिल आडवी घासायची. गंजावर काढलेला प्रिंट एकदा माझा परत आला होता, कारण ८ चा ३ दिसत होता. त्या दिवसाची मजुरी बुडाली ती बुडालीच.

खरा घोळ ट्रेलरचा आहे. पुष्कळांना वाटते की ट्रेलर म्हणजे गाडीची एक वस्तू, ताडपत्रीसारखी. कायद्याच्या लेखी ते स्वतंत्र वाहन आहे आणि कलम ६१ प्रमाणे त्याची नोंदणी इतर गाड्यांसारखीच व्हावी लागते. अर्ज नमुना २० मध्ये, जोडीला नमुना २१ मधले विक्री प्रमाणपत्र, उत्पादकाचे नमुना २२ मधले रस्त्यायोग्यतेचे प्रमाणपत्र, विमा आणि पत्त्याचा पुरावा.

यातला नमुना २२ गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे मिळत नाही. तो वेल्डिंग कितीही सुबक करो, उत्पादकाला केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे आपल्या ट्रेलरचा नमुना (प्रोटोटाइप) अधिकृत चाचणी संस्थेकडून मंजूर करून घ्यावा लागतो. त्या नियमात नावे असलेल्या संस्थांत पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई आहेत, म्हणजे महाराष्ट्रातल्याच तीन. तेव्हा ट्रेलर विकत घेताना किमतीच्या आधी मंजुरीचे प्रमाणपत्र मागा. 'पासिंग नंतर करून देतो' म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. शेतावरची ट्रॅक्टरची ट्रॉली पिकअपला अडकवायचा मोहही टाळा. तिची जोडणी आणि ब्रेक ट्रॅक्टरच्या वेगाचे असतात.

नंबरपाटीची एक गंमत आहे, आणि त्यावरून हमखास वाद होतो. ट्रेलरचा स्वतःचा नंबर ओढणाऱ्या गाडीच्या बाजूला लिहायचा असतो आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवर. मागून येणाऱ्याला पिकअपची पाटी दिसत नाही, म्हणून ही सोय.

लायसन्सबद्दल विचारणारे बरेच असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले की हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवता येते. पिकअप त्यात आरामात बसते. माल वाहायच्या परमिटमधूनही ३००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या गाड्यांना कलम ६६ मध्ये सूट आहे. बऱ्याच पिकअपचा आकडा २९९० च्या आसपास का थांबतो, ते आता लक्षात येईल.

राहिला विमा. ट्रेलरला थर्ड पार्टी विमा हवाच, आणि पिकअपला हुक बसवल्याचे विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर शेरा घ्या. एजंट 'काही गरज नाही' म्हणाला तर तेवढेच वाक्य ईमेलवर लिहून मागा. बहुतेक वेळा शेरा दुसऱ्या दिवशी मिळतो.