लिफ्टचा परवाना, देखभाल आणि तपासणी : गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसाठी माहिती

सप्रेम नमस्कार.

ठाणे आणि नवी मुंबईतील ज्या सोसायट्यांच्या लिफ्टची देखभाल आम्ही करतो, तेथे नवी कमिटी निवडून आली की बहुधा पहिला प्रश्न हाच येतो : एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, तुमच्याकडे आहे, तर मग लिफ्टची जबाबदारीही तुमचीच ना? आम्ही केलेल्या कामाची जबाबदारी आमचीच आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीने लिफ्टची मालक संस्था असते आणि परवाना, विमा व तपासणी यांबाबतची विचारणा प्रथम संस्थेलाच होते.

महाराष्ट्रात 1939 चा मुंबई लिफ्ट अधिनियम दीर्घकाळ लागू होता. त्याची जागा आता लिफ्ट, सरकते जिने आणि सरकते मार्ग यांसाठीच्या 2017 च्या राज्य अधिनियमाने घेतली आहे. सरकारी कागदांत लिफ्टला ‘उद्वाहन’ म्हणतात, त्यामुळे जुन्या फाइलींत परवाना शोधताना हा शब्दही पाहावा. लिफ्ट बसवण्यापूर्वी उभारणीची परवानगी घ्यावी लागते आणि काम पूर्ण होऊन निरीक्षकाची तपासणी झाल्यावर ती चालवण्याचा परवाना मिळतो. हे दोन्ही कागद बहुतेक वेळा बिल्डरच्या नावाने निघालेले असतात. इमारत संस्थेच्या ताब्यात आल्यावर ते मागून घेणे आणि परवान्यावर संस्थेचे नाव लावून घेणे हे काम अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे मागे पडते. लिफ्टमुळे इजा होऊ शकणाऱ्या व्यक्तींसाठीचा विमाही मालकाने उतरवायचा असतो. देखभाल करारात तो आपोआप येत नाही.

मंजूर लिफ्टमध्ये बदल करायचा असेल तर पूर्वपरवानगी लागते, आणि सर्वाधिक चुका आम्हाला येथेच दिसतात. केबिन जुनी दिसू लागली म्हणून कमिटी इंटिरिअरवाल्याला बोलावते आणि तो जमिनीवर ग्रॅनाइट व भिंतींना आरसे बसवून देतो. शोभा वाढते, पण केबिनचे वजनही वाढते. केबिनच्या विरुद्ध बाजूला दोरांवर टांगलेले प्रतिभार, ज्याला मेकॅनिक काउंटरवेट म्हणतात, ते रिकाम्या केबिनचे वजन आणि मंजूर भाराचा साधारण निम्मा भाग एवढ्या हिशोबाने बसवलेले असते. केबिन जड झाली की हा तोल बिघडतो आणि मोटर, ब्रेक व दोर यांवर ताण येतो. आत लावलेली पाटीही सजावटीसाठी नसते. सहा माणसांच्या लिफ्टची क्षमता 408 किलो धरली जाते, म्हणजे माणशी 68 किलो. फ्लॅटचे काम करणाऱ्यांनी टाइल्सची खोकी आणि सिमेंटच्या गोण्या याच लिफ्टने नेल्या, तर ही मर्यादा माणसे न चढताच ओलांडली जाते.

मेकॅनिक आला, वॉचमनच्या केबिनमध्ये वहीवर सही केली आणि गेला, याला देखभाल म्हणत नाहीत, मग तो आमचा माणूस असला तरी. त्याने मशीन रूममध्ये जाऊन ब्रेक व गव्हर्नर (वेग मर्यादेबाहेर गेल्यास लिफ्ट थांबवणारे यंत्र) पाहिला का, केबिनच्या छतावर चढून प्रत्येक मजल्याच्या दाराचे कुलूप तपासले का, खालच्या खड्ड्यात उतरला का, हे आपण जरूर विचारावे. दोरांवर तांबूस भुकटी दिसली किंवा तुटलेल्या तारांची टोके बाहेर आलेली असली, तर त्याची लेखी नोंद मागावी. वाशी, ऐरोली किंवा खाडीलगतच्या इतर भागांत लोखंड लवकर गंजते आणि जुलैच्या पावसात खड्ड्यात पाणी साचते. ते उपसून आम्ही लिफ्ट सुरू करून देऊ, परंतु खड्ड्याचे वॉटरप्रूफिंग हे इमारतीचे काम आहे आणि ते संस्थेनेच करून घ्यायचे आहे.

सरकारी निरीक्षक तपासणीला येतील तेव्हा परवाना, शुल्क भरल्याची पावती, विमापत्र आणि देखभालीची नोंदवही समोर ठेवावी. त्यांनी लिहून दिलेल्या त्रुटींची प्रत आम्हाला त्याच दिवशी पाठवावी.

एक कळकळीची विनंती. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, तर वॉचमनने किल्लीने दार उघडून माणसांना बाहेर उड्या मारायला सांगू नये. केबिनखाली उरलेल्या मोकळ्या जागेतून माणूस थेट खड्ड्यात कोसळू शकतो. आतल्या माणसांशी बोलत राहावे, हवा आत येत असते हे त्यांना सांगावे, वीज बंद करावी आणि आम्हाला फोन करावा. दाराची किल्ली सेक्रेटरींच्या ताब्यात असावी. कोणाला इजा झालीच, तर निरीक्षकांना कळवणे बंधनकारक आहे आणि त्यांच्या लेखी परवानगीशिवाय लिफ्ट पुन्हा सुरू करता येत नाही. ‘किरकोळ आहे, चालू करून द्या’ असा आग्रह आम्हाला मान्य करता येणार नाही.

खर्चाबद्दल तळमजल्यावरील सभासदांची तक्रार नेहमी येते. आदर्श उपविधींनुसार लिफ्टच्या देखभालीचा खर्च ती असलेल्या इमारतीतील सर्व सभासदांवर समान पडतो, मग ते लिफ्ट वापरोत वा न वापरोत.

कराराच्या नूतनीकरणासाठी येताना परवान्याची आणि विमापत्राची प्रत सोबत आणावी. ती नसल्यास प्रथम तेच काम हाती घेऊ.