परदेशातलं बीजदान: पॅकेजच्या आकड्यामागचा हिशेब

मुंबईत डोनर स्त्रीबीज, म्हणजे दुसऱ्या स्त्रीनं दान केलेलं बीज, घेऊन आयव्हीएफ (शरीराबाहेर फलन) करायचं, तर २०२१ च्या एआरटी, म्हणजे सहायक प्रजनन तंत्रज्ञान, कायद्याच्या चौकटीत करावं लागतं. डोनर २३ ते ३५ वर्षांची हवी. ती आयुष्यात एकदाच बीजदान करू शकते, तिच्याकडून जास्तीत जास्त सात बीजं काढता येतात आणि ती एकाच जोडप्याला मिळतात. तिचा बारा महिन्यांचा विमा जोडप्यानं उतरवायचा असतो. डोनरच्या शरीराची पिळवणूक थांबवायची, तर हे नियम हवेतच. पण त्यामुळे एका डोनरची इंजेक्शनं, तपासण्या, भूल, सगळा खर्च एकाच घरावर येतो. मग स्पेन, चेक प्रजासत्ताक, ग्रीस इथल्या पॅकेजांची चौकशी सुरू होते.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. परदेशी डोनरची गोठवलेली बीजं मागवून दादरच्या किंवा ठाण्याच्या क्लिनिकमध्ये वापरता येत नाहीत. कायद्याच्या २९ व्या कलमानं बीजं, शुक्राणू, भ्रूण यांची देशात किंवा देशाबाहेर विक्री आणि हस्तांतर बंद केलं आहे. अपवाद फक्त स्वतःच्या बीजांचा आणि भ्रूणांचा, तोही वैयक्तिक वापरासाठी आणि राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीनं. ‘बीजं कुरियरनं आणून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. प्रवास जोडप्यालाच करावा लागतो.

तिथली बरीच बीजं गोठवलेली असतात, म्हणून त्यामागचं तंत्र माहीत असलेलं बरं. स्त्रीबीज ही शरीरातली सर्वांत मोठी पेशी, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, आणि आत पाणीच पाणी. सावकाश गोठवली तर आत बर्फाचे स्फटिक होतात आणि गुणसूत्रं धरून ठेवणारे नाजूक धागे विस्कटतात. विट्रिफिकेशनमध्ये, म्हणजे झटकन काचेसारखं गोठवताना, बीज आधी इथिलीन ग्लायकॉल आणि डीएमएसओ या बर्फ रोखणाऱ्या रसायनांच्या सौम्य द्रावणात १० ते १५ मिनिटं ठेवतात, मग दुप्पट तीव्र द्रावणात साखरेसह मिनिट-दीड मिनिट. तिथून अगदी सूक्ष्म थेंबात ते थेट उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये जातं. थंड होण्याचा वेग मिनिटाला हजारो अंशांचा असल्यामुळे स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही. बाहेर काढताना ऊब त्याहून वेगानं द्यावी लागते. तीव्र द्रावणात मिनिटभर जास्त गेलं तर बीजाला विषबाधा होते. ऊब देताना हात रेंगाळला तर तेव्हा स्फटिक होतात. गोठवल्यानं बीजाचं कवचही कडक होतं, म्हणून फलनासाठी इक्सी करतात, म्हणजे एकच शुक्राणू सुईनं आत सोडतात.

आता गणित करू. सात पक्व बीजांतून चांगल्या प्रयोगशाळेत साधारण सहा जिवंत राहतात, चार-पाचांचं फलन होतं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी दोनेक ब्लास्टोसिस्ट, म्हणजे गर्भाशयात सोडण्याजोगे वाढलेले भ्रूण, हाती लागतात. कधी एकच, कधी एकही नाही. म्हणून पॅकेजची तुलना एकूण किमतीवरून करू नका, एका ब्लास्टोसिस्टला किती पडतात ते काढा. क्लिनिकला लेखी विचारा: हमी कशाची आहे? काढलेल्या बीजांची, पक्व बीजांची, की ब्लास्टोसिस्टची? शुक्राणूंचा दर्जा कमी असला तर हमी रद्द होते का? भ्रूण गोठवणं, दरवर्षीचं साठवणभाडं आणि दुसऱ्या खेपेचं भ्रूणरोपण धरलंय का? स्वस्त वाटणारं पॅकेज बहुतेक या तीन जागीच फुगतं.

देश निवडताना मुलाचाही विचार व्हायला हवा. स्पेन आणि चेक प्रजासत्ताकात डोनर अनामिक असते. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५ नंतर नोंदवलेल्या डोनरची ओळख मूल १८ वर्षांचं झालं की त्याला मागता येते. चेक कायद्यानं स्त्रीला ४९ व्या वाढदिवसापर्यंतच उपचार मिळतात, तर भारतात मर्यादा ५० ची. जर्मनीत बीजदानाला बंदीच आहे.

बीटा थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार मात्र कोणी विसरू नये. सिंधी, कच्छी, लोहाणा कुटुंबांत याचे वाहक जास्त सापडतात. नवऱ्याची एचबी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी मुंबईतच करून घ्या. तो वाहक निघाला तर डोनर वाहक नसल्याचा अहवाल मागा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला थॅलेसेमिया मेजरची, म्हणजे आजाराच्या गंभीर रूपाची, २५ टक्के शक्यता असते.

तयारीचा बराच भाग इथेच होतो. गर्भाशयाचं अस्तर वाढवायला बायकोला पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून बहुधा इस्ट्राडायोल व्हॅलरेट हे संप्रेरक २ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा देतात. १२ ते १४ दिवसांनी सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर निदान ७ मिलिमीटर आणि तीन पदरी दिसायला हवं. मगच प्रोजेस्टेरॉन, हे अस्तर भ्रूणासाठी तयार करणारं संप्रेरक. ब्लास्टोसिस्ट सोमवारी दुपारी सोडायचा असेल तर प्रोजेस्टेरॉन आधीच्या बुधवारी दुपारी सुरू होतं, आणि घड्याळ तिथलं धरायचं: स्पेन आपल्यामागे हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. व्हिसा लांबला तर इस्ट्राडायोल काही दिवस वाढवता येतं. प्रोजेस्टेरॉन सुरू झालं की तारीख हलवता येत नाही. इस्ट्राडायोलच्या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका थोडा वाढतो, तेव्हा विमानात मधूनमधून चाला. पूर्वी गुठळी झाली असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

नवऱ्यानं दोन ते पाच दिवस संयम पाळून तिथेच नमुना द्यावा, शुक्राणू पाठवण्यापेक्षा ते सोपं. उरलेले भ्रूण पुढे भारतात आणता येतील, असं गृहीत धरू नका.

एका वेळी एकच भ्रूण सोडायला सांगा. डोनर बीजाच्या गरोदरपणात प्रीएक्लॅम्प्सियाचा, म्हणजे रक्तदाब चढण्याचा धोका मुळातच जास्त असतो, जुळ्यांनी तो आणखी वाढतो. मुंबईत परतल्यावर प्रसूतितज्ज्ञांना गर्भधारणा डोनर बीजाची आहे हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा. नातेवाइकांपासून लपवायचं असलं तरी डॉक्टरांपासून लपवू नका: १२ व्या आठवड्याच्या सुमारास कमी डोसची ॲस्पिरिन द्यायची का आणि रक्तदाब किती वेळा मोजायचा, हे त्यावरच ठरतं.